नव्या साच्यातून निघणाऱ्या मनुका: पागाचे शिशाचे मणी घरी ओतताना

पहिल्या दिवशी चाळीस घाणे काढले आणि चाळीसही वेळा साच्यातून मनुकाच निघाल्या. हवे होते पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या, घेराला ओवायचे शिशाचे मणी: पिंपाच्या आकाराचे, मधून आरपार भोक, बारा-बारा ग्रॅमचे. हाती आलं ते सुरकुतलेलं, कडा गोल झालेलं, एका टोकाला अर्धवट राहिलेलं काहीतरी. पागाला चार किलो शिसं लागणार होतं, म्हणजे सव्वातीनशेच्या वर मणी. त्या दिवशी संध्याकाळी मोजले तर ओवण्याजोगे निघाले अकरा.

साचा नवाकोरा, ॲल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांचा. मागे बिजागरी, पुढे लाकडी मुठी. आत एका रांगेत सहा घरं, सहाही घरांतून जाणारी तीन मिलिमीटरची पोलादी सळई आणि वरच्या बाजूला एकच पन्हळ. पन्हळीत रस, म्हणजे वितळलेलं शिसं, ओतला की तो सहा भोकांतून सहा घरांत उतरतो. अशा साच्याबद्दल "नवा आणलाय पण मणी नीट येत नाहीत" ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकली आहे की एकदा सगळं लिहून टाकावं म्हटलं. (अमेरिकेतले हौशी नेमबाज बंदुकीच्या गोळ्या ओततात ते साचेही याच तत्त्वाचे, आणि नव्या साच्याची रडगाणीही तीच. आपल्याकडे विनापरवाना गोळी-काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा इथे विषय फक्त जाळ्याचा.)

आधी एक विनंती. साच्याला कानस, पॉलिश पेपर, हॅक्सॉचं पान यातलं काहीही लगेच लावू नका. मी ब्लेड हातात घेतलं होतं. हवा कोंडत असणार, दोन ठोकळ्यांच्या मिटणाऱ्या तोंडावर बारीक रेघा मारून वाट करून द्यावी, असा माझा विचार. काकांनी ते काढून घेतलं म्हणून साचा वाचला. साच्यातून काढलेलं परत भरता येत नाही. आणि नव्या साच्याचा दोष बहुतेक वेळा मापात नसतोच, तो तेलात किंवा तापमानात असतो.

सुरकुती वाचायला शिका

सुरकुत्या दोन कारणांनी येतात आणि मणी हातात घेऊन नीट पाहिला तर दोन्ही वेगळ्या ओळखू येतात.

साचा थंड असेल तर सुरकुत्या सगळ्या अंगावर असतात. मणी चकचकीत, आरशासारखा, पण कडा गोल. जणू रस घराच्या कोपऱ्यात शिरायच्या आतच गोठला. सहाही घरांत साधारण सारखंच चित्र. आणि महत्त्वाचं म्हणजे, घाणा काढत गेलं की हे कमी होत जातं. दहाव्या घाण्याचा मणी पहिल्यापेक्षा बरा असतो.

तेलाची सुरकुती हट्टी. ती त्याच घरात, त्याच जागी येते. दहा घाणे काढा, वीस काढा, साचा कितीही तापवा, तीन नंबरच्या घरातल्या मण्याच्या पोटावर तोच खळगा. खळग्याचा तळ मऊ, गुळगुळीत, ओल्या मातीत बोट टेकवल्यासारखा. रस भिंतीला टेकायच्या आत तेलाचा वायू होतो, तो वायू रसाला मागे ढकलतो आणि त्याचा ठसा राहतो.

नवा साचा वर्कशॉपमधून येतो तेव्हा मशीनवरच्या कटिंग ऑइलने माखलेला असतो. पुसलेला दिसतो, पण धातूच्या बारीक ओरखड्यांत तेल बसलेलं असतं. शिवाय बिजागरीत आणि सळईच्या भोकात असतं ते तापल्यावर ओघळून घरांत येतं. म्हणून नुसतं वरवर पुसून भागत नाही. मी आता असं करतो: भांडी घासायचा साबण, कढत पाणी आणि जुना टूथब्रश. बिजागरीसकट घासायचं, सळईही घासायची. पूर्ण वाळवायचं. मग थिनर किंवा ॲसिटोनने स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाने पुसायचं, कापडावर डाग यायचा थांबेपर्यंत. हे शेगडीपासून लांब, उघड्यावर. थिनरची वाफ आग पकडते. घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात बरेचदा नखं मऊ राहावीत म्हणून तेलकट पदार्थ घातलेला असतो. त्यानंतर साचा बंद करून शेगडीवर लोखंडी तव्यावर ठेवायचा, दोनेकशे अंशांपर्यंत तापू द्यायचा, आणि आपोआप निवू द्यायचा. असं तीनदा. पहिल्या वेळी बिजागरीतून बारीक धूर निघालेला दिसेल. तो दिसला म्हणजे नुसत्या पुसण्याने का भागत नव्हतं ते कळेल.

एवढं सगळं करूनही माझ्या मनुका परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पंधरा घाणे झकास, आणि दुपारी पुन्हा तीन नंबरवर खळगा. पुन्हा धुतलं, पुन्हा झकास, पुन्हा खळगा. तीन दिवस हा खेळ चालला.

कारण सापडलं ते हसू येण्यासारखं. मणी सुटायला सोपे जावेत म्हणून साच्याला आतून काजळी धरतात, तशी मी धरत होतो. मेणबत्तीची. ज्योत घराच्या अगदी तोंडाशी नेऊन, घाईत. मेणबत्तीची ज्योत थंड धातूला टेकली की अर्धवट जळालेलं मेण काजळीबरोबर भिंतीला बसतं. म्हणजे साबणाने तेल काढायचं आणि मग आपल्याच हाताने मेण लावायचं. तिसरं घर ज्योतीला सगळ्यात सोयीचं, म्हणून सगळ्यात जास्त मेण तिथे. तेव्हापासून मी गॅसच्या लायटरची काजळी धरतो, तीही साचा कोमट असताना, आणि धातूचा रंग खालून दिसेल इतकीच पातळ. जाड काजळी गोधडीसारखी असते, घराचं मापही खाते. साचा चांगला असेल तर काजळी धरलीच पाहिजे असंही नाही.

साचा तापलाय की नाही

शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सियसला. ओतायला मी ते ३८० ते ४००च्या दरम्यान ठेवतो. स्टीलच्या नळीतला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) मल्टिमीटरला जोडून कढईत धरला की आकडा दिसतो. तो नसेल तर जुनी युक्ती: खडखडीत वाळलेली लाकडाची काडी रसात क्षणभर बुडवायची. ती करपली पाहिजे, पेटता कामा नये. काडी ओली असली तर काय होतं ते पुढे सांगतो.

पण खरी मेख रसाच्या नाही, साच्याच्या तापमानात आहे. ४०० अंशांचा रस थंड ठोकळ्यात ओतला तर ठोकळा सगळी ऊब पिऊन टाकतो. मी पहिल्या दिवशी हेच करत होतो. एक घाणा काढायचा, मणी न्याहाळायचे, काकांना दाखवायचे, चहाचा घोट घ्यायचा (तेही चूकच, त्यावर नंतर), मग दुसरा घाणा. तोवर साचा निवलेला. काका ओट्यावर बसून जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "साचो थंड आसा रे. आधी तापय." मी रस अजून तापवला. सुरकुत्या गेल्या नाहीत, वर मळी, म्हणजे रसावर धरणारी राखाडी साय, मात्र दुप्पट साठली.

साचा तापवायचा तर सुरुवातीला तो बंद करून कढईच्या काठाशी पाच-दहा मिनिटं धरून ठेवायचा. मग ठोकळ्याचा बाहेरचा एक कोपरा रसात जरासा बुडवायचा. शिसं कोपऱ्याला चिकटून आलं तर साचा थंड आहे, तसाच धरून ठेवा. कोपरा कोरडा, स्वच्छ बाहेर आला की ओतायला घ्या. त्यानंतर थांबायचं नाही. ओता, गोठू द्या, उघडा, पाडा, मिटा, परत ओता. पहिले पाच-सात घाणे पाहायचेही नाहीत, सरळ कढईत परत. धिरड्याचा पहिला घाणा जसा तव्यालाच जातो, तसंच हे. दोघं असलात तर सोपं: एकाने ओतायचं, दुसऱ्याने पन्हळीतलं शिसं पकडीने तोडत बसायचं.

आमच्याकडे आणखी एक भानगड होती, वाऱ्याची. घर खाडीच्या तोंडाशी. दुपारी दोननंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि उघड्यावर धरलेला साचा दर घाण्याला निवत जातो. माझ्या दुपारच्या मनुकांत थोडा वाटा त्याचाही होता. आता सकाळी साताला सुरू करतो आणि वारा सुटायच्या आत आवरतो. आडोसा हवा म्हणून खोलीत मात्र जायचं नाही.

उलट बाजूही सांगतो. साचा फार तापला की मण्याची चमक जाते, अंग दुधी, दहिवर पडल्यासारखं दिसतं, आणि रस गोठायला वेळ लागतो. बघायला वाईट, पण घरं पूर्ण भरलेली असतात. पागाच्या मण्याला यात काहीच वावगं नाही. मासा चमक बघून जाळ्यात येत नाही. फार झालं तर दोन घाण्यांच्या मध्ये साचा उघडून अर्धा मिनिट धरा. पाण्यात बुडवून थंड करणारे पाहिलेत मी; तसं कधीही करू नका.

सहा नंबरचं घर अर्धं राहतं

सुरकुत्या गेल्या तरी एका टोकाचा मणी अर्धवट येत असेल तर आधी स्वतःची ओतण्याची पद्धत बघा. मी पळी नेहमी मुठीच्या बाजूने टेकवायचो. रस पन्हळीतून वाहत सहाव्या भोकापर्यंत पोचेस्तोवर घट्ट झालेला. लांबच्या टोकाकडून सुरुवात करून पळी मुठीकडे आणत गेलो आणि प्रश्न सुटला. धार एकसंध ठेवा, ठिबकवू नका. मोठी पळी घ्या, अर्ध्यात संपली तर दुसऱ्या धारेची आणि पहिलीची गाठ मण्यावर रेघ होऊन दिसते.

आणि पन्हळ काठोकाठ भरा. कंजूषपणा इथे नडतो. शिसं गोठताना आकाराने साधारण साडेतीन टक्के आकसतं. ती तूट वरच्या पन्हळीतला पातळ रस भरून काढतो. पन्हळीत नुसता पापुद्रा असेल तर मण्याच्या डोक्यावर खड्डा किंवा आत पोकळी. तोडलेलं शिसं कढईतच परत जातं, वाया काहीच जात नाही.

एवढं करूनही एखादं घर अडून बसलं तर मग हवेचा विचार करा. साचा मिटून उजेडाकडे धरा. काही साच्यांच्या तोंडावर हवा जायला केसाएवढ्या रेघा असतातच. त्यांत काजळी किंवा शिशाचा कण बसतो. वाळकी बांबूची काडी आणि टूथब्रश पुरतो.

भरण सुधारायचं असेल तर थोडं कथील घाला. कल्हईवाल्याकडचं कथील महाग पडतं, त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली साठ-चाळीसची (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डर तार बरी. एक किलो शिशाला ३५ ग्रॅम तार म्हणजे साधारण दोन टक्के कथील. रस भिंतीला लगेच लागतो, कोपरे भरतात. पण खरं सांगू, जाळ्याच्या मण्याला याची गरज नसते. कथील घालून जे साधतं ते साचा नीट तापवून फुकटात साधतं.

कडेला पाकळ्या येतात, मणी सुटत नाहीत

मण्याच्या दोन्ही अंगांना पातळ पाकळी येते ती ठोकळे पूर्ण मिटत नसल्यामुळे. दहापैकी नऊदा तोंडावर शिशाचा एक बारीक शिंतोडा चिकटलेला असतो. साचा गरम असतानाच तो लाकडी काडीने सरकवून काढा. स्क्रू-ड्रायव्हर नको, एक ओरखडा पडला की कायमची पाकळी.

मणी सुटत नसतील तर साच्याच्या ठोकळ्यावर ठोकू नका. बिजागरीच्या खिळ्यावर लाकडी दांड्याने टिचकी मारा, तेवढ्याने पडतात. एकच मणी, त्याच बाजूला अडकत असेल तर त्या घराच्या काठाला मशीनची बर, म्हणजे कापताना उभी राहिलेली धातूची बारीक कड, राहिली आहे. डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा काठावरून फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे बर. माझ्या साच्यात ती दोन आणि पाच नंबरला होती. दातकोरणीच्या टोकाला पितळ उजळायची पेस्ट लावून काठावर हलकेच फिरवली, पंधरा-वीस वेळा, आणि मग पुन्हा साबणाने सगळं धुतलं. साच्यावर हत्यार म्हणून चाललं ते एवढंच.

सळईचं दुखणं वेगळं. शिसं आकसतं आणि सहा मणी मिळून सळईला मिठी मारतात. निवल्यावर ओढायला गेलात तर हात सोलतील. साचा उघडायच्या आधी, रस गोठल्यावर लगेच, सळई पकडीने पिळून अर्धा वळसा द्या आणि ओढा. त्याआधी सळईवर शिसपेन्सिल घासा, मऊ आठ-बीची. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, असतं ते ग्रॅफाइट, आणि ते शिशाला चिकटू देत नाही. दर पाच-सहा घाण्यांनी परत घासायची.

रसच बिघडला असेल तर

साचा स्वच्छ, गरम, सगळं बरोबर, तरी रस सोजीसारखा दाणेदार होतो आणि पळीतून लगदा पडतो, असं झालं तर जस्त शिरलंय. चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं भंगारातून आणून वितळवली की हे होतं, कारण त्यांतली बरीच हल्ली जस्ताची किंवा लोखंडाची असतात. जस्त ४१९ अंशांच्या पुढे वितळतं. म्हणून अनोळखी भंगार वितळवताना रस ३५०च्या आसपासच ठेवा. जे वर तरंगत राहील ते झाऱ्याने काढून टाका. एकदा विरघळलं की घरी ते वेगळं करायच्या फंदात पडू नका, तो घाणा भंगारात द्या.

बॅटरीचं शिसं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. आम्ल तर असतंच, शिवाय तिची मळी पुढे ओली झाली तर आर्सेनिक आणि अँटिमनीचे विषारी वायू निघू शकतात. जुना ओळंबा, जुन्या टेलिफोन केबलचं आवरण, फाटक्या पागाचे मणी, हे आमचं शिसं.

आणि या फाटक्या पागाच्या मण्यांवर जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. ते वर्षानुवर्षं खाडीत बुडालेले असतात. भोकात वाळू, शंखाचे तुकडे, सुताचा कुजका गाभा, आणि त्यात खारं पाणी. बाहेरून मणी ठणठणीत कोरडा दिसतो. तसे मूठभर मणी मी चालू कढईत टाकले. फट्ट असा आवाज झाला आणि रुपयाएवढा रस उडून माझ्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर जाऊन बसला. पाण्याची वाफ होताना ते हजार पटींच्या वर फुगतं. रसाच्या खाली थेंबभर पाणी गेलं तरी वरचं सगळं शिसं बाहेर येतं. जुने मणी आधी चार दिवस उन्हात, मग थंड, रिकाम्या कढईत घालून तिथूनच हळूहळू तापवायचे. चालू रसात काहीही नवं टाकायचं नाही. ओली काडी, ओली पळी, पावसाळी हवेत घाम धरलेला साचा, सगळ्याला हाच नियम. पळी आणि साचा आधी रसावर धरून कोरडे करा.

चष्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण पँट, बूट. चप्पल नाही. कढई लोखंडी आणि बुडाला सपाट. ॲल्युमिनियमची तापून मऊ होते आणि शिसं वजनाला पाण्याच्या अकरा पट. ती कढई आणि पळी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहा. रसाच्या धुरापेक्षा वरची राखाडी मळी जास्त वाईट, कारण तिची धूळ हाताला लागते आणि हातावरून पोटात जाते. मळी झाकणाच्या डब्यात. काम चालू असताना चहा, विडी, तंबाखू नाही. साबणाने हात, मग आंघोळ, कपडे वेगळे. लहान मुलं आणि गरोदर बाई अंगणात नकोत; शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित असं जागतिक आरोग्य संघटना म्हणतच नाही. इंग्लंडात गळाची छोटी शिशाची वजनं १९८७ पासून विकायला बंदी आहे, ती गिळून राजहंस मरत होते म्हणून. आपल्याकडे तसं काही नाही, पण जुना पाग खाडीत सोडून देऊ नये एवढं तरी करता येतं.

मी हे काम मे महिन्यात संपवतो. जूनच्या पहिल्या सरींना पाग तयार हवा आणि पावसात ओतायचा प्रश्नच नाही. साचा ठेवताना सवयीने तेलाचा हात फिरवू नका. ॲल्युमिनियमला गंज येत नाही. शेवटच्या घाण्याचे मणी साच्यातच राहू दिले, सळईसकट, आणि कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवला की झालं. सळईला गंजाचे ठिपके आलेच तर ती स्वस्तातली वस्तू, नवी घ्या. मागच्या साली काकांनी मायेने साच्याला खोबरेल लावून ठेवलं होतं. नारळी पौर्णिमेला चार मणी कमी पडले म्हणून उघडला, ओतले, आणि पुन्हा मनुका.